कडांची बादली

गवत चांगलं आलं की गाई दूध सोडतात, आणि गाईंनी दूध सोडलं की डेअरीतल्या माणसांच्या पाठी मोडतात. त्या वर्षी टेकाडावरचं गवत गुडघ्याच्या वर गेलं होतं. सकाळ-संध्याकाळ फाटकाशी कॅनची रांग लागे. दूध ठेवायला टाक्या पुरत नसत, आणि टाक्या रिकाम्या करायला माणसं पुरत नसत.

"दूध कमी आलं तरी मालक ओरडतो, जास्त आलं तरी ओरडतो," पॅकिंगच्या खोलीतली म्हातारी मावशी म्हणायची, "फक्त जास्त आलं की हसत ओरडतो."

डेअरीत मऊ पांढरं चीज बनत असे. साच्यांतून निघालेल्या गोल लाद्या मिठवणीत बुडवायच्या, निथळायच्या आणि थंडखोलीत चाकांच्या मांडण्यांवर रचून ठेवायच्या. मांडण्यांना सगळे घोडे म्हणत. लाद्या आळल्या की त्या पॅकिंगला जात. तिथं बायका त्यांचे चौकोनी तुकडे कापत. गोल लादीचा चौकोन करायचा म्हणजे चारी बाजूंनी कडा उरणारच.

थंडखोली धुण्याचं काम ज्याच्याकडे होतं, त्याला डेअरीत लख्खराव म्हणत. खरं नाव फारसं कुणी घेत नसे. काम संपलं की दारात उभं राहून "लख्ख केलंय" असं म्हणायची त्याला सवय होती. कुणी ऐकायला असो वा नसो. बेताच्या उंचीचा, कमी बोलणारा माणूस. हातांची बोटं पाण्यानं कायम पांढुरकी, सुरकुतलेली. पूर्वी तो आधी सगळे घोडे एकेक करून बाहेरच्या बोळात ढकलत न्यायचा. मग खोलीच्या मधोमध असलेल्या मोरीची लोखंडी जाळी उचलायचा, लांब दांड्याच्या ब्रशानं खालचा बुळबुळीत थर खरवडायचा, कढत पाणी आणि औषध ओतायचा, फरशी कोरडी करायचा आणि मग घोडे आत. यात सकाळ निम्मी जाई.

हंगाम ऐन भरात आला तेव्हा मुकादमानं त्याला दारातच अडवलं.

"लख्खराव, आजपासून घोडे हलवायचे नाहीत."

"मग धुऊ कसं?"

"प्रेशरचा पाइप घे. तोंड खाली करून मार मोरीत. पाइपचं तोंड म्हणतोय मी, तुझं नाही."

बोळातली दोघं-तिघं हसली. लख्खरावही हसला.

"लाद्या उघड्या आहेत पण."

"पाणी स्वच्छ आहे ना? मग? मालक म्हणाले, तिकडे दूध टाकीत नासतंय आणि हा इथं घोड्यांची वरात काढतोय."

त्यानं पाइप लावला. जाळी उचलायलाही आता सवड नव्हती. वरूनच पाण्याचा जोर मोरीत सोडला की खालची घाण खळाळून वाहून जाई आणि खोली धुक्यानं भरून जाई. काम लवकर आटोपे. पाइप बंद केल्यावर त्याच्या पापण्यांवर, मिशांवर थेंब असत. ते तो बाहीनं पुसायचा आणि दारात येऊन म्हणायचा, "लख्ख केलंय."

*

त्याची बायको पॅकिंगला होती. घरात धाकटी सून, म्हणून सगळे तिला धाकटी म्हणत. सहावा संपून सातवा लागला होता. टेबलाशी उभं राहताना तिला पोट एका बाजूला करून उभं राहावं लागे. मावशीनं स्वतःची जागा तिला देऊन टाकली होती, कारण तिथं टेबलाचा कोपरा नव्हता.

आठवड्याच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी मुकादम कडांची बादली दारात आणून ठेवत असे. "घ्या गं, आपापल्या कडा." मालक स्वतः तिथून जात असला तर तोही म्हणे, "घ्या, घ्या. पोराबाळांना न्या." पगार वाढवून मागितला की हीच बादली तो पुढं करायचा: कुठल्या कारखान्यात माल फुकट मिळतो, सांगा! बायका कागदात आपला वाटा बांधून घेत. त्या हंगामात मात्र मावशीनं आपली पुडी उघडून धाकटीच्या पुडीत रिकामी केली. ते बघून बाकीच्यांनीही मूठ मूठ घातलं.

"अहो मावशी, एवढं कोण खाणार?"

"तू नाही खायचंस. आतलं मागतंय ते खाईल. तू नुसती तोंड उघड."

सासूनं पुडी पाहिली आणि तिचे डोळे चमकले. "दुधातलं आहे. पोराची हाडं होतील. रोज थोडं थोडं खा, एकदम संपवू नकोस." पण गरमीचे दिवस, घरात तर सायंकाळचं दूध सकाळपर्यंत टिकत नव्हतं. फ्रीज होता तो भिंतीपलीकडे, वेगळ्या राहणाऱ्या थोरल्या जावेकडे. तिनं मागच्या बाजूला, जिथं बर्फ धरतो तिथं, एक डबा धाकटीसाठी राखून ठेवला.

"माझा अर्धा फ्रीज तुझ्या पोटातल्यानं अडवलाय," थोरली म्हणाली. "येऊ दे बाहेर, भाडंच लावते."

"उधारीवर ठेवा जाऊबाई. बाप पाइप मारतो, पोर कुठून भाडं देणार?"

रोज कामावरून आली की धाकटी भिंतीपलीकडे जायची, डब्यातला गार तुकडा काढायची आणि उंबऱ्यावर बसून हळूहळू खायची. वास नाही, आंबूसपणा नाही. कितीही दिवस झाले तरी ताज्यासारखं. गारठ्यात काय बिघडतंय, असं सगळ्यांनाच वाटत होतं.

मग एक दिवस तिला कणकण आली. कंबर धरली, हातपाय मोडून आले. कंपाउंडरनं तापाच्या गोळ्या दिल्या. "हंगामात अंग सगळ्यांचंच दुखतं," मुकादम म्हणाला. ती ताप अंगावर घेऊन उभी राहिली. ताप उतरला तसा सगळ्यांना बरं वाटलं. फक्त पोटातली हालचाल मंदावल्यासारखी वाटत होती. ते तिनं सासूला सांगितलं. सासू म्हणाली, "बाप तरी कुठं फार हलतो? त्याच्यावर गेलंय."

त्यानंतर लवकरच टेबलाशी उभ्या उभ्याच तिला कळ आली. हातातली सुरी तिनं आधी नीट खाली ठेवली आणि मग ती बसली. पायांतून पाणी गेलं ते गढूळ, हिरवट होतं. मावशीनं ते पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढून ते पुसलं. डेअरीच्याच टेम्पोतून, रिकाम्या कॅनच्या मधे बसवून तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. वळणावर कॅन घरंगळायचे, ते लख्खराव पायानं अडवून धरत होता.

*

मुलगी झाली. तळहातावर मावेल की काय अशी. ती रडली नाही. अंगभर बारीक पुरळ होतं, आणि श्वास घेताना बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जात होती. तिला काचेच्या पेटीत ठेवलं, पायाच्या टाचेत सुई घातली. डोक्यावर एवढीशी टोपी होती, तीसुद्धा डोळ्यांवर येत होती.

डॉक्टरीणबाईंचा आवाज बोलून बोलून बसला होता. त्यांनी धाकटीला विचारलं, ताप आला होता का? कधी? कच्चं दूध पिता का? मऊ चीज खाता का?

"आमच्या घरात घाण नसते," सासू मधेच म्हणाली.

"घाणीचं नाही विचारत आजी. खाण्याचं विचारतेय."

"खाण्याचंच. घाण नाही खात आम्ही."

रक्ताचा निकाल यायला वेळ लागला. औषध मात्र डॉक्टरीणबाईंनी त्याआधीच सुरू केलं होतं. निकाल आला तेव्हा त्यांनी नवराबायको दोघांना पेटीशी बोलावलं. सासू आपणहून आली.

"एक जंतू आहे," त्या म्हणाल्या. "अन्नातून पोटात जातो. आईला नुसता ताप येतो आणि जातो. पण तो वारेतून बाळापर्यंत पोचतो. बाळाला लढता येत नाही."

"आम्ही सगळं फ्रीजात ठेवलं होतं बाई," धाकटी म्हणाली. "अगदी मागं. बर्फाशी."

"तेच याचं वाईट आहे. बाकीचे जंतू गारठ्यात गप्प बसतात. हा हळूहळू वाढत राहतो. वास येत नाही, चव बदलत नाही. तुम्हाला कळायला काहीच मार्ग नव्हता."

शेवटचं वाक्य धाकटीनं ऐकलंच नाही. सासूनं मान फिरवली आणि भिंतीला ऐकवल्यासारखं म्हणाली, "जिभेचे चोचले. दुसरं काय."

लख्खरावनं विचारलं, "तो येतो कुठून?"

"ओलीतून. मोऱ्या, जाळ्यांच्या खालचा थर, फरशीच्या फटी. एकदा बसला की निघता निघत नाही. तिथून कसा ना कसा खाण्यावर पोचतो."

त्यानं मान हलवली. काचेवर हात ठेवला, आणि बोटांचा ठसा उमटला म्हणून लगेच बाहीनं पुसला. बाही गालाजवळ आली तशी त्याला पापण्यांवरचे थेंब आठवले. मोरी खोलीच्या मध्यात, आणि तो दाराच्या आत उभा. तरी पाणी त्याच्या तोंडापर्यंत येत होतं. घोडे तर त्याच्यापेक्षा मोरीच्या जवळ होते.

त्या दिवशी तो जेवला नाही. सासूनं कारण विचारलं तेव्हा दात दुखतोय म्हणाला.

*

वॉर्डात धाकटीच्या शेजारच्या खाटेवर एक बाई होती. शहरातलीच, कपडे शिवणारी. तिलाही ताप आला होता, तीही वेळेआधी बाळंत झाली होती. तिचा मुलगा दुसऱ्या दिवशीच गेला होता. ती बहुतेक वेळ भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. तिचा दीर डबा घेऊन आला की दर वेळी तेच बोलून जायचा, "घरचं सोडून दुकानातलं खायला पाहिजे! भोग आता." डॉक्टरीणबाईंनी तिलाही तेच विचारलं होतं आणि तिनंही तेच सांगितलं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानातलं पाकीट, गाईचं चित्र असलेलं. ते चित्र धाकटीनं रोज शेकड्यांनी चिकटवलं होतं. तिनं ते त्या बाईला सांगितलं नाही.

धाकटी दर थोड्या वेळानं उठून बसायची आणि वाटीत दूध पिळायची. पहिल्यांदा थेंबच निघाले. मग बोटं दुखेपर्यंत. ती वाटी नर्स पेटीकडे न्यायची आणि नळीतून दोन-चार थेंब पोरीच्या पोटात सोडायची.

"मीच खाल्लं," ती एकदा नवऱ्याला म्हणाली. "ह्याच तोंडानं. रोज. उंबऱ्यावर बसून, मजेत. आई म्हणतात ते खोटं नाही."

तेव्हा सांगायला हवं होतं. तो खाटेच्या कडेलाच बसला होता. पण त्यानं वाटी उचलली आणि म्हणाला, "नर्सला देऊन येतो."

परत येतो तो बोळात मालक उभा. हातात फळांची पिशवी, पायात शहरात जायचे बूट. मालकानं त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि जिन्याच्या कोपऱ्यात नेलं.

"पोर कशी आहे?"

"आहे."

"होईल बरी. मी आहे ना. औषधाचं, पाण्याचं, कसलं म्हणून बघायचं नाहीस. तू घरचाच माणूस." मग आवाज खाली आला. "उद्या तपासनीस बाई येतायत. ह्या डॉक्टरीणबाईनं वर कळवलंय. आता बघ, माझा माल शुद्ध आहे. विकतो तो माल. कडा म्हणजे टाकाऊ. डुकरांसाठी बाजूला काढलेल्या. त्या कुणी नेल्या, कुठं ठेवल्या, किती दिवस खाल्ल्या, त्याला डेअरी काय करणार?"

"तुम्हीच द्यायचात मालक."

"द्यायचो म्हणजे? मी कधी कुणाच्या हातात दिलं? बादली दारात असायची. कुणी नेल्या असतील चोरून. चोरी हा शब्द मोठा आहे, मला कळतं. पण मी काय फौजदार बोलावणार आहे? नुसतं म्हणायचं, न विचारता नेल्या. संपलं."

लख्खराव जिन्याच्या कठड्याकडे पाहत राहिला.

"आणि त्यांनी धुण्याचं विचारलं तर," मालक पुढं म्हणाला, "घोडे बाहेर काढून धुतो म्हणायचं. आधी काढायचासच ना तू? मग खोटं कुठंय?"

म्हणजे मालकाला सगळं कळलं होतं. धुण्यातूनच हे झालं हे त्यालाही ठाऊक होतं, हे लख्खरावच्या ध्यानात आलं.

"डेअरी बंद पडली तर गावातलं दूध कुठं ओतायचं, विचार कर. लोक तुझ्या दारात येतील, माझ्या नाही." मालकानं पिशवी त्याच्या हातात दिली आणि गाल थोपटला. मोठ्या माणसानं मोठ्या माणसाचा गाल थोपटावा, तेही नर्सा येत-जात असताना! लख्खराव पिशवी धरून उभाच राहिला.

सासू बोळातल्या बाकावर बसून होती. तिनं ऐकायचं तेवढं ऐकलं होतं.

"काय म्हणाला? चोर म्हणाला आपल्याला?"

"तसं नाही आई."

"तसंच. मी म्हातारी झाले, बहिरी नाही. माझ्या सुनेला मी बोलीन. तो कोण?" तिनं पिशवी हिसकावली, उघडून आत पाहिलं, फळं चांगली होती. ती तिनं शेजारच्या बाकावरच्या अनोळखी माणसाच्या मांडीवर ठेवली. "घ्या. आमच्यात खात नाहीत."

*

दुसऱ्या दिवशी डेअरीत औषधाचा असा वास भरला होता की डोळे झोंबत. थंडखोलीची फरशी कोरडी ठणठणीत होती. मोरीची जाळी घासून चकचकीत केलेली. पॅकिंगच्या बायकांना नव्या टोप्या दिल्या होत्या आणि भिंतीशी ओळीनं उभं केलं होतं.

तपासनीस बाई उंच, सडपातळ, चष्मा लावणाऱ्या होत्या. बरोबर एक मदतनीस होता, त्याच्याकडे कापसाचे बोळे आणि नळ्या. बाईंनी बायकांना विचारलं, "कडा घरी कोण नेत होतं?"

कुणी बोलेना.

"त्या तुम्हाला दिल्या जायच्या, की तुम्ही न्यायचात?"

मुकादम खाकरला. मावशी ओळीत पहिली होती. तिनं लख्खरावकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे. "मला काही ठाऊक नाही बाई," ती म्हणाली. तिच्यामागच्या सगळ्यांना काहीच ठाऊक नव्हतं. लख्खरावला मावशीचा राग आला नाही. तिच्या घरात काम करणारं दुसरं कुणी नव्हतं. पण जिनं टोपी काढून त्याच्या बायकोच्या पायांखालचं पुसलं होतं तिला असं बुटांकडे बघायला लावणाऱ्याचा त्याला राग आला. इतका, की कानशिलं तापली. असा राग त्याला फारसा माहीत नव्हता. काय करायचं असतं त्याचं, तेही माहीत नव्हतं.

"खोली धुता कशी?" बाईंनी विचारलं.

"अगदी पद्धतशीर," मालक म्हणाला. "आधी सगळे रॅक बाहेर. मग साबण, मग कढत पाणी, मग औषध. हा आमचा धुणारा. पंधरा वर्षं झाली. विचारा त्याला."

बाई लख्खरावकडे वळल्या. "रोज असंच धुता?"

बोलणं हे कधीच त्याचं काम नव्हतं. तो म्हणाला, "दाखवू का?"

"दाखव, दाखव," मालक खूश होऊन म्हणाला.

लख्खराव थंडखोलीत गेला. घोडे ओळीनं उभे होते, लाद्यांनी भरलेले, पांढरेशुभ्र. मालक, मुकादम, बाई, मदतनीस दारात. त्यांच्या मागे माना उंचावून बायका. त्यानं घोड्यांना हात लावला नाही. पाइप ओढला, नळ पूर्ण सोडला आणि वरूनच, जाळी न उचलता, मोरीत जोर मारला.

पाणी जाळीवर आपटलं आणि उलटं उसळलं. खोली धुक्यानं भरली. दारातून येणाऱ्या उजेडात ते तुषार वर चढताना, पसरताना आणि सावकाश लाद्यांवर उतरताना सगळ्यांना दिसले. बाईंच्या चष्म्यावर थेंब आले. मालकाच्या सदऱ्यावर करडे ठिपके उमटले. वरून जाळी चकचकीत होती, पण खालचा थर खालीच होता.

"अरे मूर्खा!" मालक ओरडला. "घोडे बाहेर काढ ना आधी!"

लख्खरावनं पाइप बंद केला. "रोज काढतो का मालक?"

"काढायचे असतात!"

"हंगाम भरात आल्यापासून एकदाही नाही काढले. मुकादमानं सांगितलं, तुमचा हुकूम म्हणून." त्यानं बाईंकडे वळून सांगितलं, अडखळत, "कडा ह्याच लाद्यांच्या. डुकरांच्या वेगळ्या नसतात. बादली मुकादम ठेवायचा."

"बघा!" मालक सगळ्यांकडे वळला. "कबूल करतोय! यानंच उडवलं! स्वतःच्या पोरीला यानंच..."

"होय," लख्खराव म्हणाला. "पाइप माझ्याच हातात होता."

मग मागून मावशीचा आवाज आला, चिरका, घाबरलेला. "बादली मुकादमच ठेवायचा. मालक म्हणायचे, पोराबाळांना न्या. आम्ही चोर नाही."

"तू गप्प बस," मुकादम म्हणाला.

"आत्तापर्यंत गप्पच होते," मावशी म्हणाली.

बाईंनी चष्मा काढला. पुसला मात्र नाही. तसाच मदतनिसापुढं धरला आणि म्हणाल्या, "आधी याच्यावरचं घ्या." मग जाळी उचलून घेतली, खालच्या थरातले बोळे भरून घेतले, घोड्यांवरून प्रत्येक रांगेतली लादी घेतली. दुपारपर्यंत थंडखोलीच्या दाराला सील लागलं. दुकानांतला माल उचलायला निरोप गेले.

संध्याकाळचं दूध फाटकातून परत गेलं. कुणी कॅन रस्त्याकडेच्या चरात ओतले. लख्खराव बाहेर पडला तेव्हा चर पांढरा वाहत होता. एकजण कॅन पालथा धरून उभा होता. तो म्हणाला, "पोट भरलं का तुझं?" लख्खराव दुधात पाय पडणार नाही असा कडेकडेनं गेला.

*

दवाखान्यात पोचला तेव्हा पेटीतल्या पोरीच्या नाकातली श्वासाची नळी काढली होती. श्वास ती स्वतः घेत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की जगेल असं वाटतं, पण कान आणि डोकं तपासत राहावं लागेल, आत्ता काही सांगता येत नाही.

त्यानं धाकटीला सगळं सांगितलं. घोड्यांचं, पाइपचं, धुक्याचं. मालकाचंही सांगितलं, पण ते शेवटी. तिनं मधे एकदाही टोकलं नाही. वाटी मांडीत धरून बसली होती.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही. पाणी म्हणजे स्वच्छच, असं वाटायचं."

"डॉक्टरीणबाईंनी मोरीचं सांगितलं तेव्हा?"

त्यानं मान खाली घातली.

"म्हणजे तेव्हापासून. आणि मी म्हणत होते मीच खाल्लं, मीच खाल्लं, ते ऐकत बसलात." तिचा आवाज चढला नाही. "आई मला बोलल्या तेही ऐकलंत."

"धीर झाला नाही."

सासू खाटेच्या पायथ्याशी बसली होती. तिनं तोंड उघडलं. धाकटीनं हात वर केला, आणि सासूनं ते मिटलं. लग्न होऊन आल्यापासून असं पहिल्यांदाच झालं असावं.

धाकटीनं वाटी बाजूला ठेवली. मग ती खाटेवरून खाली उतरली. "चला."

"कुठं?"

तिनं शेजारच्या खाटेकडे पाहिलं. शिवणकाम करणारी बाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. उशाशी दिरानं आणलेला डबा तसाच होता, न उघडलेला.

"तिला कुणी सांगितलेलं नाही," धाकटी म्हणाली. "तीही म्हणत असेल, मीच खाल्लं. मला सांगितलंत तसं तिलाही सांगा. मालकाचं आधी सांगा पण. हुकूम आधी, पाइप नंतर. जसं झालं तसं."

धाकटीनं त्याच्या बाहीला धरलं आणि खाटेच्या त्या बाजूला नेलं, जिथून त्या बाईला तो दिसेल. बाईनं डोळे उघडले.

त्यानं सांगितलं. जसं झालं तसं, हुकूम आधी. धाकटी बाही सोडेना. तो थांबला तेव्हा ती बाई उठून बसली होती. तिच्या पोलक्यावर दुधाचे ओले डाग पडले होते. ते तिनं पदरानं झाकले.

"म्हणजे ते पाकिटात होतंच," ती म्हणाली. "मी विकत घेतलं तेव्हाच."

"होय."

"माझ्या घरात नाही झालं."

"नाही."

"दुकानांत अजून आहे?"

"नाही. उचलायला सांगितलंय."

"कधी?"

"आज," लख्खराव म्हणाला.

बाईनं त्याच्याकडे पाहिलं, मग धाकटीकडे, मग काचेपलीकडे, जिथं पेट्यांची रांग होती.

"आज," ती म्हणाली.